गार्ड काढण्यात आले होते

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो, तेव्हाची गोष्ट. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. माझं इंग्रजी इतरांपेक्षा जरा बरं, त्यामुळे रिपोर्ट लिहायचं काम आपोआप माझ्याकडे यायचं. एका सेकंड शिफ्टला शंभर टनी पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. काका ठेकेदाराकडचे, मराठवाड्यातून आलेले, आळंदी फाट्याजवळ खोली घेऊन राहणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं आणि इन्सिडेंट रिपोर्ट लिहायला सांगितलं.

मी लिहिला. इंग्रजीत होता, पण त्यातली महत्त्वाची तीन वाक्यं मराठीत अशी होतील: ‘गार्ड काढण्यात आले होते. उत्पादन सुरू ठेवण्यात आले. ऑपरेटरने डायमध्ये हात घातला.’

साहेबांनी वाचलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि सही केली. ‘छान लिहितोस,’ म्हणाले. मलाही ते छानच वाटलं होतं. यात खोटं काय होतं? गार्ड खरंच काढलेलं होतं, उत्पादन खरंच सुरू होतं, हात खरंच आत गेला होता. एकही शब्द खोटा नव्हता.

आज सात-आठ वर्षांनी मला वाटतं, की मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात खोटं लिखाण ते होतं. वाक्यं खरी असूनही लिखाण खोटं कसं ठरतं, ते या लेखात शोधायचं आहे. त्यासाठी थोडं व्याकरण करावं लागेल. कंटाळू नका, हे व्याकरण मार्कांसाठी नाही.

*

शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ नावाचा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय. ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करायचं. दोन मार्क. आंबा पुढे येतो, राम मागे जातो, अर्थ तोच राहतो, असं आपल्याला सांगितलेलं असतं. सांगायचं राहून जातं ते हे, की शेवटचं ‘बाय राम’ खोडलं तरी वाक्य पूर्णच राहतं. ‘अ मँगो इज ईटन.’ व्याकरणाची एकही चूक नाही आणि राम गायब. पॅसिव्ह व्हॉइसची खरी ताकद इथे आहे. त्यात कर्ता ऐच्छिक होतो. ‘द गार्ड हॅड बीन रिमूव्ह्ड’ या वाक्याला कुणी अपूर्ण म्हणणार नाही.

नोकरी सोडल्यावर मी दोन वर्षं एमपीएससी केली. चिंचवडच्या एका अभ्यासिकेत रात्री मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण’ उघडून ‘प्रयोग’ हे प्रकरण घोकत बसायचो. कर्तरी, कर्मणी, भावे. तिथे मला माझी तीन वाक्यं परत भेटली.

मराठीतला कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतला पॅसिव्ह एकच, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फळ खाल्लं. पण राम कुठेही गेलेला नाही. तो ‘ने’ लावून पहिल्याच जागी बसलाय. मराठीच्या जुन्या, घरच्या कर्मणीत क्रियापद कर्त्यापुढे झुकत नाही, तरी कर्त्याला लपवतही नाही. कर्ता लपवायला आपण वेगळी रचना वापरतो: ‘आंबा खाल्ला गेला’, ‘आंबा खाण्यात आला’. व्याकरणाच्या पुस्तकांत तिला ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाची असल्याचंही सांगतात. आपण तिला सरकारी मराठी म्हणून ओळखतो. ‘कारवाई करण्यात येईल.’ ‘सूचित करण्यात येते.’ ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

म्हणजे सगळा खेळ एका ‘ने’चा आहे. आता माझी तीन वाक्यं पुन्हा वाचा. पहिल्यात ‘ने’ नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात आहे: ‘ऑपरेटरने’. पूर्ण रिपोर्टमध्ये काहीतरी करणारा माणूस एकच आहे आणि बोटंही त्याचीच गेली आहेत. बाकी सगळं आपोआप घडलं आहे. गार्ड निघालं, उत्पादन चाललं. जसं रिपोर्ट लिहायचं काम ‘आपोआप’ माझ्याकडे यायचं, तसं.

*

पॅसिव्हवर टीका करणारे पुष्कळ आहेत. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मधल्या एका निबंधात नियमच घालून दिला, की जिथे ॲक्टिव्ह वापरता येईल तिथे पॅसिव्ह वापरू नका. गंमत म्हणजे त्याच निबंधात त्याने स्वतः पॅसिव्ह भरपूर वापरलाय. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८७ मध्ये, इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगावर आलेलं असताना, संसदेपुढच्या भाषणात ‘चुका झाल्या’ अशा अर्थाचं पॅसिव्ह वाक्य वापरलं. कुणाकडून झाल्या, ते त्या वाक्यात नव्हतं. राजकारण्यांची पळवाट म्हणून ते वाक्य आजही सांगितलं जातं.

पण मला जास्त उपयोगी पडलं ते एक संशोधन. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या दोघींनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हॉटेलात लागलेल्या आगीची हकिगत लोकांना दोन प्रकारे वाचायला दिली. एकीत बाईने मेणबत्ती पाडली असं होतं, दुसरीत मेणबत्ती पडली असं. बाकी तपशील तेच. पहिली हकिगत वाचणाऱ्यांनी त्या बाईला जास्त दोष दिला आणि तिच्याकडून जास्त भरपाई मागितली. घटना तीच असूनही क्रियापदाच्या रूपाने पैशांचा आकडा बदलला.

त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोट्या अपघातांचे व्हिडिओ दाखवले. इंग्रजीवाले चुकून झालेल्या गोष्टीतही ‘त्याने फोडलं’ म्हणतात, स्पॅनिशवाले बहुधा ‘फुटलं’ म्हणतात. नंतर विचारलं, की ते कोणाच्या हातून झालं होतं? मुद्दाम केलेल्या गोष्टींचे कर्ते दोघांनाही सारखेच आठवले. चुकून झालेल्या गोष्टींचे कर्ते मात्र इंग्रजीवाल्यांना जास्त आठवले. ज्याला वाक्यात जागा नाही, तो हळूहळू आठवणीतूनही जातो.

आता हेच शॉप फ्लोअरवर आणून बघू.

*

काकांचा ईएसआय नंबर अजून आलेला नव्हता. ठेकेदाराकडे लागून दोन महिनेच झाले होते, ‘प्रोसेसमध्ये’ होता. ईएसआयमध्ये दोष कोणाचा हे न बघता लाभ मिळतात. ते छत्र नसेल, तर तेव्हा लागू असलेला कायदा १९२३ चा, कर्मचारी नुकसानभरपाईचा. त्या कायद्यात मालकाला सुटका देणारे काही अपवाद होते. त्यातला एक असा: सुरक्षेसाठी बसवलेलं गार्ड किंवा साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं असेल किंवा त्याकडे दुर्लक्ष केलं असेल आणि त्यातून दुखापत झाली असेल, तर भरपाईची जबाबदारी नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हा अपवाद लागत नाही. दोन बोटं गेली, तर लागू शकतो.

म्हणजे काकांच्या भरपाईचा सगळा प्रश्न एका ‘ने’वर येऊन थांबला होता. गार्ड कोणी काढलं?

माझ्या रिपोर्टमध्ये ती जागा मोकळी होती, आणि भाषेतली मोकळी जागा मोकळी राहत नाही. वाचणारा आजूबाजूला जो माणूस दिसेल त्याला तिथे बसवतो. रिपोर्टमध्ये माणूस एकच होता. काही आठवड्यांनी ठेकेदाराचा माणूस माझ्यासमोरच काकांच्या भाच्याला म्हणाला, ‘हे बघ, कंपनीनेच लिहून दिलंय. गार्ड काढलेलं होतं आणि यांनी हात घातला.’ मी असं लिहिलंच नव्हतं, आणि तरी मी अगदी हेच लिहिलं होतं.

गार्ड काढलं होतं ते आदल्या दिवशी, डाय बदलताना. नवा पार्ट छोटा होता, गार्डमधून हाताने काढता यायचा नाही. गार्ड लावून तासाचं टार्गेट बसत नव्हतं. सुपरवायझर ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणाला. प्रेस दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय चालू नये अशी सोय असते, त्यातलं एक बटण आधीच कायमचं दाबून ठेवलेलं होतं. हे सगळं करणारी माणसं होती, त्यांना नावं होती, आणि ती मला रोज कॅन्टीनमध्ये भेटायची.

*

इथपर्यंत वाचून वाटेल, की पॅसिव्ह म्हणजे पळवाट आणि तो टाळला की प्रामाणिकपणा आला. तसं नाही. मीही काही काळ असाच विचार करत होतो, पण कायदा वाचायला लागल्यावर अडखळलो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ यंत्रांच्या संरक्षणाबद्दल आहे. यंत्राचा धोकादायक भाग सुरक्षितपणे झाकलेला असलाच पाहिजे, अशी त्यातली भाषा आहे. इंग्रजीत ‘शॅल बी सिक्युअरली फेन्स्ड’. हाही पॅसिव्हच, कोणी झाकायचं ते या शब्दांत नाही. ‘शॅल’ या शब्दाची धार आमच्याकडे ऑडिटच्या ट्रेनिंगला आलेल्या सगळ्यांना माहीत असते. आयएसओ ९००१ मध्ये स्पष्टच दिलंय, की ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. ऑडिटर ‘शॅल’वर बोट ठेवतो तेव्हा सबबी चालत नाहीत.

हीच शब्दरचना ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्यात होती. तिथे फ्रॉस्ट नावाच्या कामगाराचा अंगठा ग्राइंडिंग व्हीलवर दुखावला. कंपनीचं म्हणणं, की व्हील पूर्ण झाकलं तर ते वापरताच येणार नाही. १९५५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते मानलं नाही. झाकलेलं असलं पाहिजे म्हणजे असलं पाहिजे. यंत्र निरुपयोगी होत असेल, तर होऊ दे. तिथे कर्ता नसणं कामगाराच्या बाजूचं ठरलं. ‘मालकाने झाकण्याचा प्रयत्न करावा’ असं वाक्य असतं, तर मालकाने किती प्रयत्न केला यावर वाद झाला असता. ‘झाकलेलं असलं पाहिजे’ म्हटल्यावर प्रश्न एकच उरतो: झाकलेलं आहे की नाही?

त्याहून मोठं उदाहरण आपल्या संविधानात आहे. अनुच्छेद १७: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. ‘इज अबॉलिश्ड’. पॅसिव्हच. पण हे वाक्य कुणाला लपवत नाही. उलट, ‘अमुकने नष्ट केली’ असं म्हटलं असतं तर ती त्या अमुकची कृपा झाली असती.

मग माझ्या पॅसिव्हमध्ये आणि या पॅसिव्हमध्ये फरक काय? पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला सापडलेलं उत्तर साधं आहे. पानं उलटून बघा. अस्पृश्यता कोणी नष्ट केली? संविधानाच्या पहिल्याच पानावर उत्तर आहे: आम्ही, भारताचे लोक. यंत्र झाकलं नाही तर कोण जबाबदार? त्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये उत्तर आहे: कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे ऑक्युपायर, आणि मॅनेजर. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या दस्तऐवजांनी कर्ता एका वाक्यातून काढलाय, पण दुसरीकडे नीट लिहून ठेवलाय. माझ्या रिपोर्टची चारही पानं उलटली, तरी गार्ड काढणारा कुठे सापडत नव्हता.

नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या श्रम संहितांनी घेतली आहे. कलमांचे नंबर बदलले. पानं उलटून बघायची सवय मात्र तीच ठेवावी लागेल.

*

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेतो. अपघातानंतर माणूस शोधत बसणं चांगलं का? ‘कोणी केलं’ विचारलं की लोक लपवतात, ‘का झालं’ विचारलं की बोलतात. टोयोटाच्या ताइइची ओहनो यांची पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत भोसरीच्या छोट्या वर्कशॉपपासून चाकणच्या मोठ्या प्लांटपर्यंत सगळीकडे पोचली आहे. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात यंत्र बंद पडण्याचं कारण शोधत शोधत शेवटी पंपाला गाळणी नव्हती इथे पोचतात. कुठल्याही माणसावर थांबत नाहीत.

हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त माफी सगळ्यांना सारखी हवी. कर्ता काढायचा असेल तर सगळ्यांचाच काढा. ‘गार्ड नव्हते, टार्गेट गार्डशिवायच बसत होते, हात डायमध्ये गेला.’ हा रिपोर्ट चालेल, त्यातून पुढे गार्डचं नवं डिझाइन येईल. किंवा सगळ्यांना ‘ने’ लावा. पण आपल्याकडच्या ‘फाइव्ह व्हाय’च्या फॉर्ममध्ये पाचव्या ‘का’पुढे काय लिहिलेलं असतं, ते तुम्ही कंपनीत असाल तर तुम्हाला माहीत आहे. ‘ऑपरेटर निष्काळजी’. उपाय: ‘ट्रेनिंग देण्यात आले’. व्यवस्थेसाठी पॅसिव्ह आणि कामगारासाठी ॲक्टिव्ह. चांगलं काही झालं की हे उलटं होतं, तेव्हा ‘मॅनेजमेंटने टार्गेट गाठलं’ असतं. कोणाला कधी ‘ने’ लावायचा, हे व्याकरण ठरवत नाही. पगार ठरवतो.

*

आता मी इतका वेळ टाळलेली गोष्ट.

डाय बदलल्यावर पहिला पीस क्वालिटीवाला तपासतो आणि सेट-अप शीट भरतो. त्यात मापांच्या खाली एक ओळ असायची: मशीन गार्ड. पुढे ओके किंवा नॉट ओके. त्या दिवशी त्या ओळीपुढे ओके होतं, आणि सही माझी होती.

मी गार्ड बघितलंच नव्हतं. मापं घेतली, ती बरोबर होती, आणि खालच्या सगळ्या ओळींवर एकदम टिक मारत गेलो, रोज मारायचो तसा. रिपोर्टमध्ये हे आलं नाही. पॅसिव्ह मी साहेबांना वाचवण्यासाठी वापरला, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर त्या मोकळ्या जागेत सगळ्यात आधी मी लपलो होतो.

मराठीत यासाठी एक मधली पायरी आहे, जी मला फार आवडते. ‘मी कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यांच्या मध्ये ‘माझ्याकडून कप फुटला’. हेतू नव्हता, पण हात माझा होता. इंग्रजीत हे इतक्या सहज म्हणता येत नाही. मी स्वतःला विचारलं, ‘माझ्याकडून टिक झाली’ म्हणू का? नाही म्हणता येत. हातातून कप निसटतो, पेन निसटत नाही. मी टिक मारली.

हे मी लिहून दिलं, पण उशिरा. नोकरी सोडताना, एका कागदावर, काकांच्या भाच्याच्या हातात. तोवर ठेकेदाराने एक रक्कम देऊन अंगठा घेतला होता. डाव्या हाताचा. भाचा म्हणाला, ‘दादा, आता काय उपयोग.’ त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

काकांना मी त्याआधी एकदा भेटलो होतो. खोलीवर गेलो, त्यांनी डाव्या हाताने चहा पुढे केला. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर तेच म्हणाले, ‘जाऊ द्या सायेब. बोटं गेली. जायची होती, गेली.’

‘बोटं गेली.’ यातही कर्ता नाही. माझ्या रिपोर्टइतकाच नाही. पण हे वाक्य मला खोटं वाटलं नाही. ज्याचं नुकसान झालं, त्याने कर्त्याचं नाव सोडून दिलं तर तो त्याचा अधिकार आहे. त्याला आपण मोठेपणा म्हणू, थकवा म्हणू, किंवा उद्या पुन्हा याच पट्ट्यात काम शोधायचं असल्याची जाणीव म्हणू. ज्याने नुकसान केलं, त्याने तेच नाव सोडून दिलं तर ती चोरी आहे. वाक्य तेच असलं, तरी ते कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

आता मी दुसऱ्या कामात आहे. मेल लिहितो, रिपोर्ट लिहितो, आणि पॅसिव्हही वापरतो, त्याशिवाय चालत नाही. पाठवण्याआधी फक्त एकदा ‘ने’ मोजतो. कोणाला लागलाय, कोणाला नाही, आणि जिथे नाही तिथे कोण लपलंय. बऱ्याचदा तिथे मीच असतो.